बांदोड्यातल्या एका घराचा महिन्याचा नेम

फोंड्याजवळच्या बांदोड्यात माझ्या मामीने गेल्या जूनपासून या मेपर्यंत एक नेम पाळला. दर महिन्याला मासिकातली एक नवी पाककृती घरी करायची. हा नेम तिने स्वतःपुरता धरला होता, त्यात स्पर्धा नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. मी पणजीत राहते, बांदोड्याला माझं वरचेवर जाणं असतं, आणि तिची वही मला वर्षभर वाचायला मिळाली. घरच्या स्वयंपाकात नवा पदार्थ कसा शिरतो, कुठे अडतो आणि कशाने टिकतो हे इतक्या जवळून पाहायची संधी सहसा मिळत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा नेम फळाला आला तो मामीने घालून घेतलेल्या एका अटीमुळे. पहिल्या वेळी पदार्थ छापलाय तसाच करायचा, एका चिमटीचाही फरक न करता. मग महिन्याभराच्या आत तोच पुन्हा करायचा, आणि तेव्हा मात्र आपल्या मनासारखा. दुसऱ्यांदा केला नाही तर तो महिना धरायचाच नाही.

घर आणि पावसाळा

घरात माणसं चार. मामीची सासू, म्हणजे माझी आजी, तिला सगळं घर माई म्हणतं. मामा फोंड्यात नोकरीला आहे. मामेभाऊ फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. मामी घर सांभाळून शिवणकाम करते. जेवण ठरलेलं असतं: उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची कढी, तळलेली तुकडी, सोलकढी. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. त्या दिवशी मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, नीरफणसाची नाहीतर वांग्याची कापं, कधी खतखतं. या जेवणाचा कुणाला कंटाळा आला होता असं नाही. अडचण पावसाळ्याची होती.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नदीतला मासा, लहान होड्यांनी किनाऱ्यालगत धरलेला मासा बाजारात येतो, पण थोडा आणि महाग. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेली सुकी सुंगटं (कोळंबी) आणि खारे बांगडे पुरवून पुरवून वापरायचे. ते संपत येतात तोवर श्रावण लागतो, आणि या घरात चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत मासा शिजत नाही. म्हणजे वर्षाचा जवळजवळ चौथा हिस्सा मामीला माशाच्या आधाराशिवाय ताट भरायचं असतं. पहिल्या पावसाबरोबर तायकिळो, तेरें, कुड्डुकेची भाजी अशा रानभाज्या येतात, पुढे किल्ल (बांबूचे कोंब) आणि अळमी (रानातली अळंबी) येतात. पण त्यांचे दिवस थोडे, आणि अळमी तर मिळाली तर मिळाली.

माळ्यावर जुन्या मासिकांचा गठ्ठा होता. बायकांची मासिकं, दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्यांची कात्रणं. बऱ्याच पानांचे कोपरे दुमडलेले होते. दुमडलेलं प्रत्येक पान म्हणजे कधीतरी करू म्हणून ठेवलेला आणि मग कधीच न केलेला पदार्थ. मामीने नेम सुरू केला तो या पानांपासून. पुढे एकाच पदार्थाच्या दोन-तीन कृती ताडून बघायची गरज पडायला लागली, तेव्हा पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालयातून मी तिला कृती उतरवून नेऊन देत असे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात लोक जुनी कागदपत्रं, इतिहास शोधायला जातात. त्यांनी तिथल्या मासिकांकडेही जरूर बघावं.

नियम कसे ठरले

वर सांगितलेली मुख्य अट पहिल्या दिवसापासून होती. बाकीचे नियम जसजशी अडचण आली तसतसे ठरत गेले.

सर्वांत हुशारीचा नियम वाराचा. नवा पदार्थ रविवारी करावा असं कुणालाही सुचेल, कारण सगळे घरी असतात. पण गोव्यातल्या घरात रविवार माशाचा किंवा शागोतीचा (मटण-कोंबडीचा). त्या दिवशी डाळीच्या पिठाचं काहीही पुढे ठेवलं तरी ताटातल्या विसवणापुढे (सुरमईपुढे) त्याचा निभाव लागायचा नाही. मामीने सोमवारची रात्र निवडली. शिवराकच्या दिवशी घर तसंही वेगळ्या चवीची वाट बघत असतं.

पहिल्या वेळी रास अर्धी घ्यायची. बिघडलं तर नासाडी कमी. बाजूला वरणभात आणि लोणचं तयार ठेवायचं, म्हणजे न आवडलेलं कुणी नाइलाजाने खायला नको, आणि खाल्लं नाही म्हणून कुणी रुसायला नको. जेवल्यावर प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं, ते मामी वहीत उतरवणार. "बरं झालं" हे वाक्य धरलं जाणार नाही. काय बरं झालं ते सांगायला हवं.

शेवटचा नियम खर्चाचा. पाककृतीसाठी घरात नसलेली एकच वस्तू विकत आणायची, तीही दुसऱ्या कुठल्या पदार्थात वापरता येणार असेल तरच. या एका नियमाने चकचकीत पानांवरच्या कितीतरी कृती आपोआप गळाल्या. अर्धी वाटी चीज, दोन थेंब कसलं तरी इसेन्स, चिमूटभर ओरेगॅनो, आणि उरलेल्या बाटल्या वर्षभर फडताळात. मला हा नियम फार पटतो. एकदाच लागणारी वस्तू मागणारी कृती घरात रुळत नाही, कारण ती वस्तू संपली की पदार्थही संपतो.

टिकवायचे पदार्थ, म्हणजे लोणची, पापड, मामीने नेमातून वगळले. त्यांचा निकाल लागायलाच महिने जातात.

वाटी किती मोठी?

पहिला पदार्थ पाटवडीचा रस्सा. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की बेसन वैरायचं, घोटायचं, वाफ काढायची, तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. सुक्या खोबऱ्याचा झणझणीत रस्सा वेगळा, आणि वड्या वाढताना त्यात सोडायच्या. पहिल्याच वेळी जमला. जुलैमध्ये ढोकळा केला, तो मात्र बसका झाला. तोंडात साबणासारखी चव आली आणि पिवळ्या ढोकळ्यावर जागोजाग लाल ठिपके उठले.

मामी इथे थांबली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही कृती छापल्याप्रमाणेच केल्या होत्या, मग एक जमली आणि दुसरी फसली ती का? तिने घरातली वाटी शिवणाच्या टेबलाजवळच्या लहान डिजिटल काट्यावर ठेवून पाण्याने भरली. पाणी १५० ग्रॅम भरलं, म्हणजे वाटी १५० मिलीची. ढोकळ्याची कृती लिहिणाऱ्या बाईंनी बहुधा २४० मिलीचा कप वाटी म्हणून धरला होता. पाटवडीत बेसन आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने मोजलेलं. वाटी लहान असो, मोठी असो, एकास दोन हे प्रमाण हलत नाही. ढोकळ्यात बेसन आणि दही वाटीने, पण सोडा चमच्याने. वाटी लहान झाली तरी चमचा तेवढाच राहिला. वर मामीने घेतलेला चमचा पोहे खायचा होता, पाच मिलीच्या मापापेक्षा चांगलाच मोठा. दह्याचा आंबटपणा कमी पडला आणि सोडा शिल्लक राहिला. शिल्लक राहिलेला सोडा साबणासारखा लागतो, आणि हळद अल्कलीत लाल होते. जिथे सोड्याची गुठळी नीट मिसळली नव्हती तिथेच ठिपका उठला होता.

दुसऱ्यांदा तिने मापाचे चमचे आणले (त्या महिन्याची विकत आणायची एक वस्तू तीच) आणि सोडा वाटीच्या हिशेबाने घेतला. दह्यात थोडा लिंबाचा रस घातला. पीठ तयार करून ठेवलं, पाणी उकळल्यावरच त्यात सोडा चाळून मिसळला आणि लगेच भांडं वाफेवर ठेवलं. ढोकळा फुलला.

या दोन महिन्यांतून निघालेली गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. कृतीतलं सगळं साहित्य एकाच मापाने दिलं असेल तर निर्धास्त करावं. वाटी, कप, चमचा, ग्रॅम यांची सरमिसळ असेल तर आधी आपली वाटी पाण्याने मोजून घ्यावी. सोडा, यीस्ट, जिलेटिन, मीठ असल्या थोडक्यात खेळ करणाऱ्या वस्तू असतील तर नक्कीच. कुकरच्या शिट्ट्यांचंही तेच. तीन शिट्ट्या हे माप नव्हे. शिट्ट्या कुकरच्या आकारावर, आचेवर आणि आत पाणी किती त्यावर ठरतात. मामीने वहीत शिट्ट्या खोडून मिनिटं लिहायला सुरुवात केली: पहिली शिट्टी झाली की आच मंद, आणि मग अमुक मिनिटं.

छपाईत चुकलेली कृती

ऑगस्टमध्ये सुरळीच्या वड्या. मासिकात छापलं होतं: एक वाटी बेसन, तीन वाट्या ताक, तीन वाट्या पाणी. मामीने पूर्वी कुणाकडे तरी ही वडी होताना पाहिली होती आणि एवढं पाणी जास्त आहे अशी शंका तिला आलीही होती. तरी अट ती अट. अर्धी रास घेऊन ती ढवळत बसली. अर्ध्या तासाने ते ताटाला चोपडलं, तर ओघळून खाली आलं. शेवटी मिरची-लसणाची फोडणी देऊन ते पिठलं म्हणून भाताबरोबर खाल्लं, आणि मामेभावाला ते आवडलंही.

इथे अटीचा हट्ट कशाला, असं मी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर मला अजूनही बरोबर वाटतं. ती म्हणाली, "अगं, मी आधीच बदललं असतं तर वडी झाली असती, पण छापलेलं चुकलं होतं की माझा हात, ते कळलं नसतं. आता या लेखिकेच्या बाकीच्या कृती मी ताडून घेईन." दुसऱ्या दोन मासिकांत एक वाटी बेसनाला एक वाटी ताक आणि दोन वाट्या पाणी होतं. त्या मापाने, आणि दर मिनिटाला एक थेंब ताटाच्या कडेला लावून, तो सुटून येतो का बघत केल्यावर वड्या सुरेख झाल्या. त्या थेंबाची युक्ती एका कृतीत होती, पहिल्या कृतीत नव्हती.

यानंतर मामी आणि मी एक खेळ खेळायला लागलो. कृती वाचून ती लिहिणाऱ्याने खरंच करून पाहिली आहे की नाही हे ओळखायचं. काही खुणा हाती लागल्या. करून पाहिलेल्या कृतीत भांडं कसं हवं ते सांगितलेलं असतं, जाड बुडाचं की पसरट. किती माणसांना पुरेल ते असतं. साहित्य ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने दिलेलं असतं. सर्वांत मोठी खूण म्हणजे पदार्थ झाला हे कसं ओळखायचं ते सांगितलेलं असतं: कडेने तेल सुटलं की, चमच्यावरून घसरत नाही तोवर, दोन बोटांत तार आली की. "शिजल्यावर उतरवा" एवढंच लिहिलं असेल तर सावध व्हावं. पुण्या-नाशिकच्या किंवा नागपूरच्या स्वयंपाकघरात लिहिलेली कृती गोव्यात करताना या खुणाच उपयोगी पडतात, कारण मिनिटं आणि वाट्या बदलतात, पण सुटलेलं तेल सगळीकडे सारखंच दिसतं.

हवा आणि भाजी

सप्टेंबर चवथीचा. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या, पातोळ्या, पाहुणे. त्या महिन्यात नेम चवथीच्या आधीच उरकून घेतला आणि एक साधी कोशिंबीर करून मामी मोकळी झाली. बरोबरच केलं.

ऑक्टोबरचा पदार्थ अनारसे. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही चालू आहे, आणि त्यांतली फराळाची पानं पाहिली की दिवाळी म्हणजे लाडू-चकली-अनारसे असंच वाटतं. आमच्याकडे दिवाळीची पहाट फोवांची, म्हणजे पोह्यांची. नरकासुर जाळून, कारीट फोडून झालं की दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे तिखट असे फोव. त्यामुळे अनारसे या घरात कधी झालेच नव्हते.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग निथळून सावलीत कोरडे करायचे, दमट असतानाच दळून गूळ मिसळायचा. घरातला उकडा तांदूळ इथे कामाचा नाही. तो आधीच शिजलेला असतो. जुना सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ घेतला. कृतीत "सावलीत तीन तास" असं लिहिलं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला. ऑक्टोबरात देशावर हवा कोरडी होते. बांदोड्यात तेव्हाही अधूनमधून सर येऊन जाते आणि कुळागरांचा (पोफळी-माडांच्या बागांचा) ओलावा हवेत असतोच. तीन तासांनी तांदूळ बोटांना ओले लागत होते. लिहिल्याप्रमाणे तसेच दळले, आणि तुपात सोडताच अनारसे हसले. जाळी पडली ती अशी की अर्धं तुपातच विरघळलं. दुसऱ्यांदा मामीने तास मोजलेच नाहीत. तांदूळ मुठीत दाबून बघितले, हाताला पाणी लागेनासं झालं पण दाणा आतून मऊ आहे, तेव्हा दळले. आणि तरीही सैल वाटलेल्या गोळ्यात चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मळली. या खेपेला झाले. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, वरून झाऱ्याने तूप उडवत. माईने दोन खाल्ले आणि पुढच्या दिवाळीला फोवांबरोबर हेही हवेत म्हणाली.

जानेवारीत भरली वांगी. मामीने लाडाने आगशीची वांगी आणली, ज्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि ज्यांची कापं गोव्याबाहेर गेलेली माणसं आठवून आठवून बोलतात. पण ती मोठी, गरांनी भरलेली. कृती लहान काटेरी वांग्यांसाठी लिहिलेली, फक्त तसं कुठे म्हटलं नव्हतं. दाणे-तिळाचा मसाला बुडाला लागून करपायला आला तरी वांगं आत कच्चंच. दुसऱ्यांदा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून लहान वांगी आणली आणि पाव तासात काम झालं. आगशीची वांगी पुन्हा कापांना गेली, आणि माझ्या मते तीच त्यांची जागा आहे. याच पदार्थासाठी गोडा मसाला घरात आला. नियमाप्रमाणे तो दुसऱ्या पदार्थात वापरायला हवा म्हणून आमटीत पडला. माईला दगडफुलाचा वास रुचला नाही, मामेभाऊ मात्र आता तीच आमटी मागून घेतो. दोघांची वाक्यं वहीत शेजारीशेजारी आहेत.

बांगड्याची कढी, छापील

फेब्रुवारीत मामेभावाने एक कृती पुढे केली: "गोव्याची बांगड्याची कढी". मासिक गोव्याबाहेरचं. मामी आधी नको म्हणाली. घरात आठवड्याला तीन-चार वेळा होणारा पदार्थ नवा कसा? मामेभावाचं म्हणणं, कृती नवी आहे ना, झालं तर मग. या नेमाची खरी परीक्षा इथे झाली असं मला वाटतं. अनोळखी पदार्थ छापल्याप्रमाणे करणं सोपं असतं. जो आपल्या हातात आहे, तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून तंतोतंत करायचा, आणि तो चुकतोय हे दिसत असताना हात आवरायचा, हे कठीण.

घरचं हुमण असं होतं: ओलं खोबरं, काणकोणातल्या खोल्याची सुकी मिरची (२०२० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं; रंगाने लालभडक, तिखटाला बेताची), धणे, हळद आणि चिंचेचं बुटुक वाटून, त्यात तिरफळं चेचून घालायची. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, साल तेवढी घ्यायची, आणि ती वाटायची नाही, नाहीतर कडवट होते. फोडणी नाही. उकळी आली की बांगडे, वर कोकमाची दोन सोलं, उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल.

छापील कृतीत मोहरी-कढीपत्त्याची फोडणी होती, त्यात कांदा परतायचा होता, ब्याडगी मिरची होती, शेवटी नारळाचं दूध घालायचं होतं. तिरफळाचा उल्लेखच नव्हता. सोमवारी बांगडा करता येत नाही, म्हणून वार बुधवार. माई स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत होती. कांदा तेलात पडला तेव्हा तिने, "अगो, बांगड्याला?" एवढंच विचारलं. मामी म्हणाली, "माई, आजचा दिवस." आणि लिहिलं होतं तसं शेवटपर्यंत केलं.

जेवताना सगळ्यांची वाक्यं झाली. मामाने सांगितलं की हे वाईट नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरचं आहे. माईचं वाक्य मी वहीतून जसंच्या तसं देते: "कढीपत्ता पुढे येतो, बांगडा मागे राहतो." तेलकट माशाला तिरफळ का लागतं हे याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. तिरफळाचा उग्र सुगंध बांगड्या-तारल्याच्या वासाला तोलून धरतो. कांदा-कढीपत्त्याची फोडणी त्याला झाकायला बघते आणि ते तिला पेलत नाही.

पण थोडं थांबून माई पुढे म्हणाली, "वाटण मात्र रगड्यावरचं वाटतंय." बोट ताटाला लावून तिने पुन्हा पाहिलं. खरंच, रस गुळगुळीत होता, पाणी आणि चोथा वेगळा झाला नव्हता.

मामीने कृती परत वाचली. छापील कृतीत एक ओळ होती जी घरच्या रीतीत नव्हती: मिरच्या आणि धणे वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, आणि तेच पाणी वाटायला घ्या. माईच्या काळी वाटण रगड्यावर व्हायचं, तिथे धणा दगडाखाली भरडून जायचा, भिजवायची गरजच नव्हती. नंतर घरात मिक्सर आला, पण रीत रगड्याचीच राहिली. मिक्सरच्या पात्याला कोरडा धणा नीट सापडत नाही. तो फिरत राहतो, त्याची साल कचकचीत राहते, मग बारीक व्हावं म्हणून पाणी घातलं जातं आणि वाटण पातळ होतं. भिजलेला धणा मऊ पडतो, थोड्या पाण्यात बारीक होतो. वाटण जितकं बारीक तितकी कढी दाट आणि एकजीव. दुसरी एक ओळही कामाची निघाली: बांगडे घातल्यावर पळी घालू नये, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवावं, आणि झाकण न ठेवता सहा-सात मिनिटांत उतरवावं. हे माई करतेच, पण मामेभावाला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. आता तो स्वतः हुमण करतो.

दुसऱ्या खेपेला मामीने फोडणी, कांदा आणि नारळाचं दूध तिन्ही काढून टाकलं, तिरफळं आणि सोलं परत आणली, आणि भिजवण्याची ओळ ठेवली. त्या दिवसापासून या घरात हुमणाचे धणे भिजल्याशिवाय वाटले जात नाहीत. मामीने मधूनच बदल केला असता, पहिल्याच वेळी फोडणी टाळून आपल्या रीतीने केलं असतं, तर मिरच्या भिजवायची ओळही तिने सोडूनच दिली असती. चुकीच्या कृतीत एखादी अचूक ओळ असू शकते, आणि ती सापडते ती सगळी कृती मुकाट्याने करणाऱ्यालाच.

ओझं कुणावर

अशा नेमाचं एक अंग लोक बोलून दाखवत नाहीत. नवा पदार्थ म्हणजे घरातल्या बाईला जास्तीचा तास, जास्तीची भांडी, आणि वर तिघांची मतं. मामीने हे दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. नेमाच्या रात्रीचा वरणभात मामाने लावायचा आणि भांडी मामेभावाने घासायची, असं तिने सांगितलं आणि ते वर्षभर पाळलं गेलं. ज्या महिन्यात शिवणाच्या ऑर्डरी दाटल्या त्या महिन्यात तिने सगळ्यांत सोपी कृती निवडली आणि त्याबद्दल मनाला लावून घेतलं नाही. माझ्या दृष्टीने नेम मोडला नाही याचं अर्धं कारण इथे आहे. कुणी असा नेम धरणार असेल तर पाककृती निवडण्याआधी भांडी कोण घासणार ते ठरवावं.

वर्ष संपताना घरात रुळलं ते एवढं: पाटवडीचा रस्सा, ढोकळा, लहान वांग्यांची भरली भाजी, सुरळीच्या वड्या पाहुण्यांपुरत्या, आणि हुमणाचं भिजवून केलेलं वाटण. अनारशांचा निकाल या दिवाळीला लागेल. डिसेंबरात ओव्हनमध्ये घरचा पाव केला होता, तो चांगला झाला होता, तरी कुणी पुन्हा मागितला नाही. सकाळी दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो आणि गरम पोयी, उंडे असे पाव हातात पडतात त्या गावात त्याचं काही अडलेलं नाही. मार्च, एप्रिल, मेचे पदार्थ खाल्ले गेले आणि विसरले गेले.

आता पुन्हा जून आला आहे. मामीने यंदा पहिली निवडली आहे ती ज्वारीची भाकरी, एका मासिकातल्या मोठ्या लेखातून. ज्वारीच्या पिठात गहू-मैद्यासारखा चिवटपणा नसतो, आणि दुकानात पडून राहिलेल्या पिठाची विरी गेलेली असते. ते थापताना चिरतं. म्हणून मामेभावाचा मित्र बेळगावहून ज्वारीच आणणार आहे, आणि दळण फोंड्याच्या गिरणीत त्याच दिवशी सकाळी व्हायचं आहे. लेखात पीठ कोमट पाण्यात भिजवायला सांगितलं आहे. माई आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या उकड काढून करत आली आहे, तिचं म्हणणं पाणी उकळतंच हवं. मलाही तेच वाटतं. पहिल्या सोमवारी मात्र कोमटच घेतलं जाणार आहे.